ओझे किती, यापेक्षा ओझे कुठे?

उन्हाळ्यात यवतमाळात भल्या सकाळी रस्त्यावर उभे राहिले, की एक वाहन हमखास दिसते. काळी, उंच दांडीची सायकल, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोंबकळणारे प्लॅस्टिकचे कॅन, एखादा कॅन दांडीला अडकवलेला. आणि सायकलवर न बसता, हँडल धरून, अंग एका बाजूला झुकवून ती चढावर ढकलत नेणारा माणूस. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा तर अशा सायकलींची रांगच लागली होती. त्यानंतर बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणण्याची चर्चा, खोदकाम आणि वाद यांवर पुष्कळ लिहिले गेले. पाणी वाहून आणणाऱ्या त्या सायकलीबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही.

बोलायला हवे, कारण हिशेब साधा असला तरी जड आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर, म्हणजे पावणेतीन क्विंटल होते. टंचाईत निम्म्यावर भागवायचे म्हटले तरी रोज १३५ किलो वजन बोअरवरून किंवा टँकरपासून घरापर्यंत न्यावे लागते. पंधरा लिटरचे चार कॅन सायकलवर लादले तर एका खेपेला ६० किलो येतात. म्हणजे दोन खेपा करूनही थोडे उरतेच. हे महिना-दोन महिने चालले, की गुडघे, कंबर आणि मनगटे बोलू लागतात.

पाणी हे एक उदाहरण झाले. जिल्ह्यात दूध, भाजी, कुटार, गॅसची टाकी, पिठाची पोती अशी कितीतरी ओझी आजही सायकलवरून फिरतात. मग प्रश्न असा, की जड ओझ्यासाठी सायकल कशी असावी? नेहमीची दोनचाकी बरी, लांब केलेली बरी, तीनचाकी बरी, की मागे गाडा जोडलेली? जगभरात या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ डोके चालवले गेले आहे. त्यातले काही धडे आपल्याकडचा बैलगाडीवाला मात्र आधीपासूनच जाणतो.

धुरजड आणि उलाळ

कापसाची बैलगाडी भरताना जुना माणूस दोन शब्द वापरतो. ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. वजन तेवढेच असते. फक्त ते आसाच्या पुढे आहे की मागे, यावर बैल दमतात की चालतात हे ठरते.

सायकलचेही तसेच आहे. आपल्या नेहमीच्या सायकलचे कॅरियर मागच्या चाकाच्या वर आणि बरेचसे आसाच्या मागे येते. त्यावर पोते ठेवले की सायकल उलाळ होते. पुढचे चाक हलके पडते, हँडल लटपटू लागते आणि चढावर तर ते उचलल्यासारखे वाटते. शिवाय ओझे कमरेइतक्या उंचीवर असते. उंचावरचे ओझे तोल जाऊ लागला की जास्त जोराने खाली ओढते. सायकल थोडी कलली, की ती सरळ करायला हातांना झटका द्यावा लागतो. असे झटके दिवसभर बसले की खांदे आणि मनगटे दुखतात.

यावर आपल्याकडचे सगळ्यात शहाणे उत्तर गवळ्याने काढले आहे. तो दुधाच्या किटल्या कॅरियरवर ठेवत नाही. दोन्ही बाजूंना आकड्यांवर टांगतो, चाकाच्या आसाच्या पातळीजवळ. दोन्हीकडे वजन सारखे, ओझे खाली आणि शक्य तेवढे पुढे. परदेशी सायकलस्वार महागड्या पिशव्या चाकाच्या बाजूला लावतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. पाण्याचे कॅन टांगतानाही हाच नियम पाळावा. कॅन जितके खाली तितके चांगले, पण पायडल मारताना टाच त्यांना लागता कामा नये.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अर्धा भरलेला कॅन हलका असला तरी जास्त त्रास देतो. आतले पाणी डुचमळते आणि सायकल डावीकडे कलली की तेही डावीकडे धावते. म्हणून चार कॅन अर्धे भरून आणण्यापेक्षा दोन कॅन काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून आणणे सोपे जाते.

इंजिन ७५ वॅटचे

कोणत्याही मालवाहू सायकलचे इंजिन म्हणजे माणूस. कष्टाची सवय असलेला निरोगी माणूस तासभर सलग साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. घरातला पंखा खातो जवळपास तेवढीच. घटकाभर तो दुप्पट-तिप्पट जोर लावेल, पण लगेच दम लागेल. त्यामुळे सायकलची सगळी रचना या ७५ वॅटभोवती व्हायला हवी.

६० किलोचा माणूस, २० किलोची सायकल आणि ६० किलो पाणी, असे एकूण १४० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, टायरमध्ये हवा भरपूर असेल, तर ताशी १० किलोमीटर वेगासाठी सुमारे ४५ वॅट पुरतात. म्हणजे सहज जमते. हेच ओझे मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर नेले की रस्त्याचा अडथळा तिपटीने वाढू शकतो आणि शंभराहून अधिक वॅट लागतात. हवा कमी असलेले टायरही डांबरी रस्त्याचा असाच कच्चा रस्ता करतात. म्हणून आठवड्याला पंप मारणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता चढ घेऊ. शंभर मीटर चालल्यावर चार मीटर वर नेणारा चढ डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. यवतमाळ शहर पठारावर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे आणि असे चढ-उतार इथे नवीन नाहीत. पुसदलाही भोवती डोंगरच आहेत. या चढावर तीच १४० किलोची सायकल ताशी १० किलोमीटरने न्यायची तर १९० वॅट लागतात. ते माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. वेग ताशी ४ किलोमीटरवर, म्हणजे चालण्याच्या वेगावर आणला, तर ७५ ते ८० वॅटमध्ये काम भागते.

मग माणूस चढावर हळू का चालवत नाही, खाली का उतरतो? कारण गिअर. आपल्या साध्या सायकलला पुढे साधारण ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी ४ किलोमीटरने जायचे तर मिनिटाला जेमतेम बारा फेरे होतात. त्या वेळी पायडलवर सरासरी ३५ किलोचा जोर लागतो आणि फेऱ्याच्या जड टप्प्यात तो माणसाच्या जवळपास सगळ्या वजनाइतका होतो. दर पावलाला एका पायावर उभे राहून जिना चढल्यासारखे हे आहे. गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो, तो इथेच. माणूस खाली उतरतो तो आळसाने नव्हे. त्याच्या शरीराचा हिशेब सायकल बनवणाऱ्यापेक्षा बरोबर असतो.

फलटणच्या रिक्षाचा धडा

हा मुद्दा महाराष्ट्रात एका संस्थेने फार पूर्वी ओळखला. सातारा जिल्ह्यातील फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, १९६८ मध्ये स्थापन झाली. तिथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायडल रिक्षाचा अभ्यास केला. देशभर लाखो माणसे ज्या वाहनावर पोट भरतात, त्याच्या रचनेत वर्षानुवर्षे कोणीही गंभीरपणे लक्ष घातले नव्हते, हे त्यांना खटकले. साधी रिक्षा जड होती. तिला गिअर नव्हते, साखळी लांबलचक होती आणि ब्रेक फक्त पुढच्या चाकाला. त्यांनी रिक्षाला गिअर बसवले, साखळी आखूड केली आणि मागच्या चाकांना ब्रेक दिले. प्रवासी बसलेले असताना चढावर चालकाला खाली उतरावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. पायडलला छोट्या विजेच्या मोटरची जोड दिलेला एक नमुनाही त्यांनी बनवला. हे काम २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

फलटणच्या कामातून एक गोष्ट ठसते. जास्त ताकदीचा माणूस शोधण्याआधी, त्याच माणसाची ताकद वाया कुठे जाते ते शोधावे.

अलीकडे आफ्रिकेतील ग्रामीण भागासाठी बनणाऱ्या ‘बफेलो’ सायकलनेही हीच वाट धरली आहे. ही सायकल ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेची. जाड नळ्यांची चौकट, जाड टायर आणि शंभर किलो पेलणारे कॅरियर, अशी तिची ख्याती आहे. तिच्या नव्या नमुन्यात दोन साखळ्या आणि दोन गिअर आहेत. पायडल किंचित उलटे फिरवले की गिअर बदलतो. बाहेर लोंबणारी नाजूक तार नाही आणि वाकणारा पुर्जाही नाही. खेड्यातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल, असाच गिअर तिथे टिकतो.

आपल्याला एवढे करायचे नसेल तर एक मधला मार्ग आहे. मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसवून घ्यावे आणि साखळीला गरजेप्रमाणे कड्या जोडाव्यात. पायडलवरचा जोर जवळपास अठरा टक्के कमी होतो. सपाटीवर सायकल थोडी हळू पळेल, पण पाणी वाहणाऱ्याला शर्यत कुठे जिंकायची आहे!

लांब सायकल, दोन तऱ्हेची

ओझे वाढले, की गवळ्याची पद्धतही अपुरी पडते. मग सायकल लांब करावी लागते. त्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा डेन्मार्कची, ‘लाँग जॉन’ नावाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ती तिथे चालते. हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर सपाट फळी असते आणि ओझे तिच्यावर ठेवतात. पुढचे चाक लहान असते आणि हँडलपासून त्याच्यापर्यंत लांब दांडा जातो. ओझे दोन चाकांच्या मध्ये आणि जमिनीलगत असल्यामुळे ती ना धुरजड, ना उलाळ. ओझे डोळ्यांसमोर राहते आणि ते चढवताना कमरेवर उचलावेही लागत नाही. तोटे दोन. एक म्हणजे सुकाणूचा दांडा आणि सांधे नीट जुळवावे लागतात, ते काम हलक्या हाताने केले तर हँडल खेळते. दुसरे म्हणजे लहान चाक खड्ड्यात जास्त आदळते. आपल्या रस्त्यांवर हा तोटा मोठा आहे.

दुसरी तऱ्हा मागून लांब केलेली. निकाराग्वात काम केलेल्या रॉस इव्हान्स या अमेरिकी तरुणाने १९९० च्या दशकात ही कल्पना पुढे नेली. साध्या सायकलचे मागचे चाक हातभर मागे नेले, की स्वाराच्या मागे आणि चाकाच्या पुढे ओझ्याला जागा होते. जे वजन आधी आसाच्या मागे लोंबत होते, ते आता दोन आसांच्या मध्ये येते. मोठी चाके तशीच राहतात, हँडल आणि सुकाणूला हात लावावा लागत नाही आणि चालवण्याची सवयही बदलावी लागत नाही. म्हणून दोनचाकीवर ६० ते १०० किलो न्यायचे असतील, तर आपल्या परिस्थितीला ही तऱ्हा मला अधिक जवळची वाटते. मात्र वेल्डिंग चांगले हवे, मागच्या चाकाला ४० तारांची मजबूत रिम हवी आणि चौकट पिळवटू नये म्हणून तिरपा आधार हवा. नुसती नळी जोडून लांब केलेली सायकल साप वळवळावा तशी चालते.

तीनचाकी: उभी राहते, पण कलत नाही

बाजारात पोती, बर्फ, भंगार वाहणारी तीनचाकी सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिचा मोठा गुण म्हणजे ती थांबली तरी पडत नाही. दीडशे किलो लादून माणूस निवांत चहा पिऊ शकतो. दाराशी थांबत थांबत पाणी किंवा भाजी विकायची असेल तर तिला तोड नाही. कोपनहेगनमध्ये १९८४ मध्ये जन्मलेल्या ‘ख्रिस्तियानिया’ तीनचाकीत लोक मुलांनाही पुढच्या पेटीत बसवून नेतात.

पण तिचा स्वभाव वेगळा आहे. दोनचाकी वळताना आत कलते आणि त्यामुळे पडत नाही. तीनचाकी कलू शकत नाही. वेगात वळली की ओझे तिला बाहेर ढकलते आणि आतले चाक उचलले जाते. ओझे जितके उंच, तितके हे लवकर घडते. चार मीटरच्या वळणावर ताशी १५ किलोमीटर हा वेग उंच लादलेल्या तीनचाकीला उलटवायला पुरेसा होऊ शकतो. वळताना बाजूने येणारा हा भार चाकांवरही पडतो. सायकलचे चाक उभे वजन भरपूर पेलते, पण बाजूचा रेटा त्याला सोसत नाही. म्हणून तीनचाकीला सायकलची साधी चाके लावली की तारा तुटत राहतात.

शिवाय दोनचाकीचे एकच चाकोरे असते, ते खड्डा चुकवू शकते. तीनचाकीची तीन चाकोरी असतात आणि एखादे चाक खड्ड्यात जातेच. ती रिकामी असतानाही जड असते. माणूस, गाडी आणि दीडशे किलो माल मिळून तीनशे किलोच्या आसपास वजन होते. सपाटीवर ते ताशी आठ किलोमीटरने चालते, पण चार टक्क्यांच्या चढावर मागून ढकलायला दुसरा माणूस लागतो. थोडक्यात, वणीच्या सपाट बाजारपेठेत जी तीनचाकी सोन्यासारखी, तीच पुसदच्या चढावर डोकेदुखी ठरू शकते.

मागे जोडलेला गाडा

चौथा पर्याय आपल्याकडे कमी दिसतो, पण विचार करण्यासारखा आहे. सायकलच्या मागच्या आसाला जोडलेला दोन चाकांचा छोटा गाडा. ओझे त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते, सायकलवर नव्हे. सायकल पूर्वीसारखीच हलकी चालते. पाणी घरी आणले, गाडा सोडून ठेवला, की तीच सायकल शाळेला किंवा कामाला मोकळी. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कोनी लोखंड आणि दोन चाके घेऊन तो बनवता येतो.

इथे पुन्हा बैलगाडीचा नियम. ओझ्यातला थोडासा भाग, समजा दहा टक्क्यांच्या आत, सायकलच्या जोडावर यावा. गाडा किंचित धुरजड चालेल, उलाळ मुळीच नको. उलाळ गाडा सायकलचे मागचे चाक उचलतो आणि तिची रस्त्यावरची पकड जाते. जोड खाली, आसाजवळ असावा. सीटच्या दांड्याला दोरीने बांधलेला गाडा वळणावर सायकल पाडतो.

१२० किलो पाणी गाड्यावर घेतले, तर सपाट रस्त्यावर ७० वॅटच्या आसपास भागते. म्हणजे टंचाईतल्या कुटुंबाचे जवळजवळ दिवसाचे पाणी एका खेपेत येते. धोका उताराचा आहे. ब्रेक सायकलला असतात आणि वजन मागून रेटत असते. जोराने ब्रेक लावला तर गाडा बाजूने पुढे येऊ पाहतो. मोठ्या उतारावर खाली उतरून चालणे, हाच इथे शहाणपणा.

थांबता आले पाहिजे

ओझ्याबद्दल बोलताना आपण चढाचा विचार करतो, उताराचा करत नाही. अपघात मात्र उतारावर होतात. १४० किलोची सायकल ताशी २० किलोमीटरने जात असेल, तर रिकाम्या सायकलपेक्षा तिच्यात जवळपास पावणेदोन पट ऊर्जा साठलेली असते. ती सगळी रबराच्या चार तुकड्यांनी गिळायची असते. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, म्हणून खरे काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे मात्र तोच बहुधा सैल असतो. त्यात गळक्या कॅनचे पाणी रिमवर पडत असेल, तर ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड खूपच कमी होते. बूच आणि ब्रेक यांचा संबंध असा जवळचा आहे.

ढकलणे ही हार नव्हे

१९५४ मध्ये व्हिएतनाममधील दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो सायकलींनी डोंगरातून धान्य आणि दारूगोळा वाहिला. एकेका सायकलवर दोनशे किलोहून अधिक वजन असे. त्या कोणी चालवत नव्हते, ढकलत होते. हँडलला बांबू बांधून ते लांब केले होते आणि दुसरा बांबू सीटच्या जागी उभा होता. त्यामुळे ओझ्याच्या बाजूने ताठ चालता येई. झारखंडमध्ये कोळसा वाहणारे आजही दोनशे किलोच्या पुढची सायकल अशीच ढकलतात. त्यांच्या आयुष्याचे कौतुक करण्यासारखे त्यात काही नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ढकलायचेच असेल तर सायकल ढकलण्यासाठी तयार करावी. यवतमाळचा माणूस हँडल आणि कॅरियर धरून वाकून, कंबर पिळून ढकलतो. सीटच्या मागे छातीच्या उंचीवर एक मजबूत दांडा लावला, तर पाठ सरळ राहते.

ऊन, उचल आणि घरातली माणसे

पायडल मारताना शरीरात तयार होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग चाकापर्यंत जातो, उरलेली उष्णता होते. ७५ वॅटचे काम म्हणजे अंगात सव्वादोनशे वॅटची शेगडी. हवा ४४ अंशांवर असते, तेव्हा ती त्वचेपेक्षा गरम असते. उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. त्यामुळे खेपा सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर कराव्यात. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, घाम जास्त गेल्यास मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही लक्षणे दिसताच सावलीत थांबावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंग ओले करत ताबडतोब रुग्णालय गाठावे.

कंबर मात्र बहुतेक वेळा सायकल चालवताना दुखावत नाही, कॅन चढवताना-उतरवताना दुखावते. उचलण्याचे ओझे मोजण्यासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने दिलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलो ही मर्यादा आहे. वीस लिटरचा भरलेला जार त्या मर्यादेच्या अगदी काठावर येतो, आणि आपण तो वाकून, वळून, हात लांब करून उचलतो. उपाय सोपा आहे. कॅन सायकलवरच राहू द्यावेत. रुंद स्टँडवर सायकल उभी करून नळीने दोन्ही बाजूंचे कॅन आळीपाळीने भरावेत आणि घरी नळीनेच खालच्या ड्रममध्ये सोडावेत.

आणखी एक गोष्ट रचनेशीच निगडित आहे. उंच दांडीची सायकल साडी नेसलेल्या बाईला चालवता येत नाही. त्यामुळे अनेक घरांत सायकल पुरुषाकडे राहते आणि तो कामावर गेला, की उरलेला गुंड बाईच्या डोक्यावर येतो. शाळकरी पोरगा तीच सायकल दांडीखालून पाय घालून, दोन कॅन टांगून चालवतो. त्याचा पाय जमिनीला टेकत नाही आणि ब्रेकला हात धड पोहोचत नाही. मागून लांब केलेली सायकल किंवा गाडा जोडलेली सायकल खाली वाकलेल्या दांडीची बनवता येते, हा तिचा न दिसणारा मोठा फायदा. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये तयार झालेल्या ‘हिप्पो रोलर’ची कल्पनाही याच प्रश्नातून आली. ९० लिटरचे पिंपच आडवे करून चाकासारखे जमिनीवरून लोटायचे. डोक्यावरचे ओझे जमिनीवर उतरते.

मग घ्यावे काय?

तीन गोष्टी पाहाव्यात: ओझे, चढ आणि अंतर.

६० किलोपर्यंत नेहमीची सायकल पुरे. कॅन खाली टांगावेत, फ्रीव्हील मोठे करावे, पुढचा ब्रेक घट्ट, हवा पूर्ण, स्टँड रुंद. हा सगळा खर्च नव्या सायकलपेक्षा पुष्कळ कमी असतो.

६० ते १०० किलो रोजचेच असतील, तर मागून लांब केलेली मजबूत सायकल, तिला निदान दोन गिअर.

त्याहून जास्त आणि रस्ता बराचसा सपाट असेल, तर घरासाठी जोडगाडा आणि फिरत्या धंद्यासाठी तीनचाकी. दोन्हींत ओझे खाली, वळणावर वेग कमी.

चढ मोठा आणि खेपा रोजच्या असतील, तर विजेची मदत. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग अशा हलक्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन मानले जात नाही. अशी मोटर म्हणजे सोबत ढकलणारे दोन-तीन गडी. पण मोटर आधी आणि ब्रेक नंतर, हा क्रम नको. आणि बॅटरी उन्हात तापत ठेवू नये.

टंचाईच्या काळात टँकरची संख्या मोजली जाते, फेऱ्या मोजल्या जातात. टँकरपासून घराच्या रांजणापर्यंतचे शेवटचे हजार-पाचशे मीटर कोणी मोजत नाही, कारण ते सरकारच्या डिझेलवर चालत नाहीत, घरच्या माणसाच्या गुडघ्यांवर चालतात. पुढचा उन्हाळा येण्याआधी गल्लीतल्या सायकल मिस्त्रीकडे जाऊन एक फ्रीव्हील बदलून घेणे आणि दोन आकडे खाली जोडून घेणे आपल्या हातात आहे.